चावी दिली, छल्ला ठेवला
तापलेल्या इंजिनाचा वास आला की मला देऊळघाटचं ते अंगण आठवतं. वेगाचं वेड मोठं आणि खिसा लहान, त्यामुळे माझ्या आवाक्यात जुन्या दोनच गाड्या होत्या. बुलडाण्याच्या दलालाकडची लाल गाडी उभी असली तरी पळाल्यासारखी दिसायची. तिची चावी त्याने माझ्याकडे सहज फेकली होती. दुसरी काळी, देऊळघाटच्या एका सुतारचाचांची. घाटाच्या चढावर ती अशी गुरगुरत झेपावली, की शेजारी बसलेल्या बाबांनी डोक्यावरची टोपी घट्ट धरली. तरी माझा जीव लाल गाडीतच अडकलेला. अंगणात परतल्यावर चाचांनी बॉनेटवरून हात फिरवला, चावीचा झिजलेला चामडी छल्ला काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "गाडी पसंत असंन तं चावी तुमची, पण छल्ला माह्याजवळच राहीन." आमच्याकडे बैल विकतानाही मालक दावं स्वतःकडे ठेवतो. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "हेच गाडी घे बाबू. ज्याले दावं सोडवत नाही, त्याचं जनावर खोटं नसते." त्या काळ्या गाडीने मला कधीच अर्ध्या वाटेत सोडलं नाही. काल तिला नवा मालक न्यायला आला. मी चावी त्याच्या हातावर ठेवली, तेव्हा तिला मी लावलेला माझा छल्ला माझ्या खिशात कधी गेला होता, ते मलाच कळलं नाही.