पाव इंचाहून जरासं मोठं

कारखान्याच्या हत्यारखोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे चिमटी म्हणत. खिडकीतून कुणी बोल्ट पुढे केला, की तो उजव्या हाताच्या चिमटीत धरायचा, मागे न बघता खोक्यात हात घालायचा आणि त्या बोल्टाला बेताचं भोक पाडणारं ड्रिल काढून द्यायचा. ड्रिलवर कोरलेले आकडे त्याने कधी वाचले नाहीत. बोटांना कळत होतं, डोक्याला त्रास कशाला?

मग अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सावरलं, चालणंही सावरलं. उजवा हात मात्र दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत राहिला, आणि डाव्या चिमटीला सगळी ड्रिलं सारखीच.

फोरमन घरी आला. "सोमवारी ये. आकडे बघून हत्यार देता आलं, तर खिडकी तुझी. वरचे साहेब दुसरा माणूस ठेव म्हणून माझ्या मागे लागलेत, मी तरी किती थोपवू?"

बायकोने शिकवायला घेतलं. कागदाच्या सारख्या पट्ट्या कापल्या, एकीचे दोन भाग केले, एकीचे आठ.

"अहो, मोठा तुकडा कुठला?"

"आठातला. आठ मोठे ना."

"एक खोली दोघांत वाटली आणि आठ जणांत वाटली. पाय कुठे पसरता येतील?"

"आठ जण आले तर तू मला जिन्यातच झोपवशील."

पण डोक्यात बसलं. खालचा आकडा जितका मोठा, तितका तुकडा बारीक. दोन दिवस तो हेच पुटपुटत घरभर फिरला.

सोमवारी फोरमनने खिडकीत पाव इंचाचा बोल्ट ठेवला आणि शेजारी दोन ड्रिलं. "बोल्ट आरपार सैल गेला पाहिजे. कुठलं देशील?"

एका ड्रिलवर कोरलेलं एक छेद चार. दुसऱ्यावर सतरा छेद चौसष्ट. डोळ्यांना दोन्ही जुळी भावंडं. चौसष्ट! एका खोलीत चौसष्ट माणसं! त्याने हसून चारवालं पुढे सरकवलं.

फोरमनने पत्र्याला भोक पाडून आणलं. बोल्ट तोंडाशीच अडला. त्याने मुठीने ठोकला, तरी अडलेलाच.

"चिमटी, आधी हात बरा होऊ दे," तो म्हणाला. मग दोघेही त्या हाताकडे बघत राहिले.

घरी त्याने बायकोला दोन्ही ड्रिलांवरचे आकडे सांगितले. तिने एक लांब पट्टी घेतली, "हा एक इंच समजा," म्हणत दुमडत गेली. शेवटची घडी बसेना, तिच्यावर कपाची कड दाबली. उलगडल्यावर चौसष्ट घरं झाली. त्याने डाव्या बोटाने पाव भागापर्यंतची घरं मोजली. सोळा.

"आणि वर सतरा होते," तो म्हणाला. "मी वर बघितलंच नाही."

"आलं की तुम्हाला! फोरमनला सांगून या ना."

"काय सांगू? खिडकीत दुसरा बसलाय. वरातीमागून घोडं न्यायचं."

तिने पट्टी पुढे केली. त्याने उजवा हात डाव्याने उचलून टेबलावर ठेवला आणि सतरावं घर त्या हाताच्या चिमटीत सरकवलं. मग डोळे मिटले.

"बोटांना लागतंय काही?" तिने विचारलं.

"लागतंय. किंचित जास्त आहे."

पट्टी चिमटीतून निसटून केव्हाच खाली जमिनीवर पडली होती. तिने ती उचलली नाही.