रोज नवरा सोडणारी बाई

नवऱ्याला सोडून जावं तर आमच्या नाटक कंपनीच्या हिरोईननं. अख्ख्या झाडीपट्टीत तसं दुसरीला जमत नाही. धानाची कापणी आटोपली की वडशापासून सिरोंच्यापर्यंत आमची गाडी फिरते आणि ही बाई गावोगाव नवरा सोडते. "हे शरीर माझं आहे, त्याच्यावर हक्कही माझाच!" असं म्हणून तिसऱ्या अंकात तिनं उंबरठा ओलांडला की पुढे बसलेल्या बायासुद्धा शिट्ट्या मारतात. मी कंपनीचा प्रॉम्प्टर. स्टेजसमोर पेटीवाल्याशेजारी बसून वाक्यं पुरवतो, कारण आमच्याकडे तालमीला कोणाला सवड नसते. बाईनं तर आयुष्यात एक वाक्य पाठ केलं असेल तर शपथ! प्रवेशाआधी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी माझ्या हवाली करायची, माझ्या ओठांवर नजर लावायची आणि मी देईन ते बोलायचं. एकदा मी पेटीवाल्याला म्हटलं, "थांब, चष्मा पुसतो." बाईनं तेच खाष्ट सासऱ्याला असं काही सुनावलं की टाळ्या पडल्या. भोंगेवाल्या पोऱ्याशी तिचं रोजचं भांडण, "माहा आवाज शेवटच्या घरी गेला पायजे." पोस्टरवर 'बोल्ड' आणि 'खास महिलांसाठी' असं शेजारीशेजारी आणि खाली तिचं सासरचं नाव छापलेलं पाहून ती म्हणाली होती, "कंबर माही छापते, भाऊ, अन् नाव नवऱ्याचं लावते." हसून हसून आमची पुरेवाट झाली. ती मात्र हसली नाही.

कारण खरा नवरा तिला सोडता येत नव्हता. तो मारायचा. मेकअपचा थर कधी कधी उगाच जाड असायचा, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या घरी तिची दहावीतली पोर होती. मागच्या हंगामात कोणीतरी मोबाईलवर नाटकाच्या व्हिडिओतली तेवढी मिठी कापून तिच्या सासरच्या गावभर फिरवली आणि नवऱ्यानं देवळासमोर समाजाची बैठक बसवली. बाई मलाही घेऊन गेली. समोर तेच लोक, महिन्याभरापूर्वी टाळ्या वाजवणारे. "बोल बाई," म्हातारे पंच म्हणाले. तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मीही सवयीनं ओठ हलवले आणि तिनं ते वाक्य उचललं, छातीवर हात ठेवून, अगदी तिसऱ्या अंकासारखं. मागे एकानं टाळी वाजवली आणि लगेच थांबला. पंच शांतपणे म्हणाले, "नाटकात बरं वाटते, बाई. हे घर होय." ती परत माझ्याकडे बघू लागली. यापुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं हो! ठरलं ते असं, की नाटक सोडून नांदायला येत नाही तोवर पोरीचं तोंड बघायचं नाही. येताना गाडीत ती एवढंच बोलली, "नाटक सोडलं तं पोरगी भेटन, भाऊ. पन मंग तिले माय कोनती भेटन?"

यंदा त्याच गावानं आमचं नाटक ठरवलं. तेच नाटक, तीच हिरोईन पाहिजे म्हणून हट्ट. लोकांच्या या निर्लज्जपणाला काय म्हणावं! नाटकाला आलेल्या बायांमध्ये तिची पोर नव्हती, घरात कोंडली होती म्हणे. बाईनं भोंगेवाल्याशी भांडण केलं नाही. एक भोंगा नवऱ्याच्या कौलारू घराकडे वळवून दे, एवढं गोडीत सांगितलं. तिसरा अंक आला. ती उंबरठ्यावर आली. मी वाक्य दिलं. तिनं घेतलं नाही. पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माईकजवळ जाऊन, त्या घराच्या दिशेनं, घरात लेकीशी बोलतात तशा आवाजात तिनं विचारलं, "जेवली का वो, माय?"

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या. ती मात्र कान देऊन तशीच उभी राहिली, आणि मी पुढचं वाक्य दिलं नाही.