यंत्राला न सापडलेले श्री

ऐंशीचं दशक सरता सरता मोहोपाड्याच्या आमच्या कारखान्यात संगणक आला. तो गार खोलीत ठेवलेला, आणि आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. त्यामुळे स्टोअरचे हेडक्लार्क, खालापूरचे आमचे काका, दारातूनच त्याला हात जोडत. त्यांना यंत्राची धास्ती होती. त्यात साहेबांनी बजावलेलं, महिनाअखेरपर्यंत जो यंत्रावर नोंदी करणार नाही त्याची रवानगी मागच्या गोदामात.

यंत्रात प्रत्येकाची एक फाइल असे. माणूस कामाला बसला की यंत्र आधी ती वाचून त्यातल्या आज्ञा पाळी. काकांनी धीर करून आपली फाइल उघडली आणि कुठल्याही नव्या वहीत करत तेच केलं. माथ्यावर, इंग्रजी अक्षरांत, 'श्री' लिहिलं. यंत्राला ती आज्ञा वाटली. ते रोज सकाळी कळवी, 'श्री सापडत नाही.'

"सापडंल हळूहळू," म्हणून काका कामाला लागत.

मी कर्जतहून येणारी, संगणकाच्या कामावर नवी, आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. सगळ्यांच्या या फायली रोज तपासून यंत्राला न कळणारी ओळ पुसून टाकणारा प्रोग्राम मी लिहिला. दुसऱ्या दिवशी काका बसले. यंत्र गप्प. त्यांनी फाइल उघडून पाहिली, उठले आणि जुनी जाडजूड वही घेऊन बसले.

"ते वरडत व्हतं तवर बरं व्हतं गं," ते म्हणाले. "निदान शोधत तरी व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिना संपायला चारच दिवस उरले होते. मी त्यांची ओळ परत घातली, तिच्या सुरुवातीला एक खूण करून. ती खूण असली की यंत्र ती ओळ सोडून पुढे जातं. माझ्या प्रोग्रामलाही तसं शिकवलं.

"यंत्र वाचनार नाय, मग ती कुनासाठी?"

"तुमच्यासाठी, काका."

ते परत यंत्रापुढे बसले. मग म्हणाले, "आनि तुज्या तपासनाऱ्याच्या माथ्यावर हाय का?"

नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने तिथेही लिहिलं. खूण करायची मात्र विसरले.

काका निवृत्त झाले ते त्याच गार खोलीतून. माझा प्रोग्राम रोज सगळ्यांच्या चुका काढायला निघे, आणि त्याआधी स्वतःच कबूल करी, 'श्री सापडत नाही.' दुरुस्तीला अर्धं मिनिट पुरलं असतं. नोकरी सोडेपर्यंत मी ती केली नाही.