जावयाच्या मासोळ्या

चहा सावकाश प्या. मूर्खपणा माझा आहे, तो काही कुठे पळून जात नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. धानोऱ्याजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रावर मी नवाच लागलो होतो. बी.एस्सी. झालेला, म्हणजे मला सगळंच येत होतं. माशाच्या अंड्यांना फार गरम पाणी मिळालं तर पिल्लं लवकर बाहेर येतात, पण आखूड नि वाकडी निघतात, हे मी परीक्षेत झकास लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते. मग ते लक्षात ठेवायची गरज संपली, नाही का?

त्या हिवाळ्यात मला पाहायला शारदाचे वडील येणार होते. वामनभाऊ, त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. शारदा मला एका लग्नात दिसली होती आणि तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नव्हतं. ‘भाऊ, रविवारी या, ताजी पिल्लं दाखवतो, तुमच्या तलावासाठी घेऊनही जा,’ असा निरोप मीच धाडला.

पण माशांना माझ्या लग्नाची काय घाई? थंडी अशी पडली की अंडी आपली गपगार. रिकामं टाकं दाखवून कोणी पोरगी देतं का?

मग काय, चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढवला आणि टाक्यात गरम पाणी ओतत सुटलो. हात घालून बघायचो. आंघोळीला छान वाटेल इतपत झालं की थांबायचो. मला छान वाटलं म्हणजे अंड्यांनाही वाटणारच.

“साहेब, मासोळ्या शिजवून राह्यले का जी?” चौकीदारानं विचारलं. मी त्याच्याकडे शिकलेल्या माणसानं बघावं तसं बघितलं.

रविवारी टाकंभर पिल्लं वळवळत होती. केसाएवढ्या जिवाचा कणा कोण तपासतो? “पोरगा कामाचा हाय,” म्हणत वामनभाऊ डबे भरून पिल्लं घेऊन गेले. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही ठरली.

उन्हाळ्यात साक्षगंधाला गेलो, तर मला मांडवात न नेता थेट तलावावर नेलं. अख्खी सोसायटी काठावर. शारदाही होती. जाळं ओढलं. मासे चांगले बोटभर झालेले, आणि जो तो पाठीत वाकलेला.

“हे काऊन असं झालं, जावईबापू?”

“नवा वाण आहे, भाऊ.”

“असंल. पन हा वाण सरळ पोहून नाई राह्यला. जागच्या जागी गोल फिरून राह्यला.” वामनभाऊंनी काठावरच्या लोकांकडे पाहिलं. “गाव याले जावयाच्या मासोळ्या म्हन्ते. मी सोसायटीत कोनतं तोंड दाखवू?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंज, चूल, घाई, सगळं सांगून टाकलं.

“शारदे, तूच सांग बाई,” वामनभाऊ म्हणाले. “मोडू का हे लग्न?”

तिनं जाळ्यातल्या माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी पाठही तेव्हा वाकलेलीच असणार.

“नको मोडू, बाबा. करते मी. पन लेकरू झालं तं त्याच्या आंघोळीचं पानी मीच तापवीन. यायले चुलीजवळ येऊ देनार नाई.”

सोसायटी हसली, लग्न लागलं, पावसाळ्यात चांगलं बीज मीच त्या तलावात नेऊन सोडलं. पुढे दोन पोरं झाली. दोघंही ताठ. याचं श्रेय मी माझ्या घराण्याला देतो. शारदा मात्र सरळ सांगते, पोरं झाली तेव्हा यायची ड्युटी तिकडं दूर सिरोंच्याले होती, आंघोळीचं पानी मीच तापवलं.