लुदिविनाची भाग्यवान सीट

लुदिविनाच्या हातात सुई होती तोवर आमच्या लिपा शहरातल्या निम्म्या जीपनींच्या, म्हणजे प्रवासी जीपगाड्यांच्या, गाद्या तिनंच शिवल्या. तोंडानं फाटकी, पण टाका असा की दहा वर्षं उसवायचा नाही. मी लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात कामाला. तिच्या धाकट्या लेकीची, मारिविकची मी निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याची धर्ममाता. तीस वर्षांची आमची मैत्री आणि तीस वर्षांचीच भांडणं.

चार वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या मुलीची व्हॅन हमरस्त्यावर उलटली. तिचा दोन वर्षांचा आंदोय मागे, लहान मुलांना गाडीत बसवायच्या वेगळ्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला होता. पत्रा चुरगळला, काचांचा चुरा झाला, पण पोराला ओरखडा नाही! उलटा लटकून बिस्कीट मागत होता म्हणे. त्या दिवसापासून ती साधी सीट राहिलीच नाही. लुदिविनानं ती धुतली, पिवळ्या रेक्झिनचं कव्हर शिवलं, पट्ट्याला बाळ येशूचं पदक बांधलं आणि फादरकडून पवित्र पाणी शिंपडून आणलं. मग काय विचारता! कुणाकडे बाळ झालं की आईबाप हिच्या दारात हजर. सात बाळं त्या सीटमधून फिरली. आमच्या दुकानातल्या नव्या सीटा धूळ खात पडल्या.

मी तिला बोलले नाही असं नाही. "अगं बाई, मोठा अपघात झाला की सीट टाकून द्यायची असते. वरून धड दिसते, आतून मोडलेली असू शकते."

"आलीस दुकान घेऊन माझ्या घरात," ती खवळली. "तुझा माल खपत नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या. माझा नातू जिनं वाचवला ती टाकू? तुझ्या नव्या सीटनं कुणाला वाचवलंय ते दाखव की!"

नव्या सीटनं अजून कुणाला वाचवलेलं नसतं, म्हणूनच ती घ्यायची. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र मी रोज पढवायची. बुडाशी छापलेली मुदतीची तारीख बघा. जुनी घेत असाल तर आधी अपघात झालाय का ते विचारा. पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला समजा. सगळं तोंडपाठ.

गेल्या फेब्रुवारीत मारिविकला मुलगी झाली, इनेस. बाप्तिस्म्याच्या सकाळी मी नवी कोरी सीट घेऊन गेले, खोक्याला गुलाबी फीत बांधून. अंगणात पाहुणे जमलेले, डुकराचं मांस विस्तवावर फिरत होतं. लुदिविनानं खोकं बघितलं, तोंडभर हसली आणि ते शेवयांच्या परातींमागे सरकवून दिलं.

"घरच्या लेकराला घरचीच सीट. सात परक्यांना दिली, आता माझ्या इनेसची पाळी!"

भरल्या घरात यजमानिणीला खाली बघायला लावायचं नाही, ही आमची रीत. मेली रीत! मी तोंड मिटलं. उलट इनेसला माझ्याच हातांनी त्या सीटमध्ये बांधलं. पट्टा चिमटीत येत नाही ना, हे दोनदा बघितलं.

"बघा रे बघा," लुदिविना ओरडली, "दुकानवालीपण माझ्याच सीटला पट्टे लावतेय!"

सगळे हसले. मीही हसले.

चर्च पंधरा मिनिटांवर. वळणावर एक ट्रायसिकल रिक्षा आडवी आली, मारिविकच्या नवऱ्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. वेग काही फार नव्हता. मारिविकच्या कपाळाला टेंगूळ आलं, नवऱ्याला तेवढंही नाही. सीट मात्र दुभंगली, पट्टा ओवलेल्या खाचेपासून खालपर्यंत. इनेस गेली. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्यात गेली.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, माणसं पांगली. लुदिविनानं मला थांबवलं. पलंगाखालून सीट ओढली आणि एका झटक्यात कव्हर काढलं. चीर खालपर्यंत ताजी, पांढरी स्वच्छ होती, पण वरच्या टोकाला बोटभर जुनी, काळी, मळ बसलेली.

"ही रेघ मला ठाऊक होती," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "कव्हर बेतताना बोटाला लागली होती. वाटलं, आंदोयला बाळ येशूनं इथंच धरून ठेवलं असेल. म्हणून तिथं रेक्झिन दुहेरी घातलं. रेघ झिजू नये म्हणून गं."

मी त्या काळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"तू बघितली असतीस तर ओळखली असतीस?" तिनं विचारलं.

"बघताक्षणी."

"मग चार वर्षांत एकदा कव्हर उचलून का नाही बघितलंस?"

परातींच्या जागी आता नुसतं खोकं होतं, फितीसकट. कव्हर शिवून टाकलेलं नव्हतं. कडेला इलॅस्टिक होतं, नुसतं ओढलं की निघणारं. पट्टे लावताना माझं बोट त्या इलॅस्टिकवरच होतं.