बुडबुड्यांवर बसलेला कान

धाकटे, हे तुझ्यावरच आहे. वाचताना मध्ये बोलायचं नाही. 'तू-मी' करत लिहिलं तर आपलं भांडण ठरलेलं, म्हणून तुला 'धाकटी' म्हणते आणि मला थोरली.

धाकटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात सिस्टर होती. पूर्वी अशा बाळांच्या घशात नळी घालून त्यांना मोठ्या मशीनवर टाकत; कोवळी फुप्फुसं त्यानेच दुखावत. मग नवी पद्धत आली. नाकात बारीक नळ्या, त्यातून दाबाची हवा, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. श्वास बाळाने आपला आपण घ्यायचा. बाटलीत बुडबुडे आले म्हणजे दाब टिकलाय. धाकटीचा त्या आवाजावर असा कान बसला, की घरी आधण उकळलं तरी मान वळायची.

चूक तिथेच झाली. एका मुलीचे बुडबुडे सारखे थांबायचे.

"असंच चाललं तर घशात नळी घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

धाकटीने नळ्या धरणाऱ्या टोपीचे बंद आवळले. बुडबुडे सुरू. थांबले, पुन्हा आवळले. सगळ्यांचं लक्ष बाटलीकडे. नळ्यांखाली डोकावतंय कोण? शेवटी नळ्या काढल्या, तर दोन नाकपुड्यांमधली कातडी काळीनिळी.

"माझ्या हातून झालं गं, ताई," धाकटी घरी येऊन थोरलीला म्हणाली.

"मग रडतेस काय? काहीतरी उपाय काढ."

"तुला काय जातंय बोलायला!"

पण काढला. ती आणि डॉक्टर डोकं लावून बसले. टोपी बाळाच्या मापाची, नाकाखाली मऊ पट्टी, नळ्या आणि छोटा मास्क आलटूनपालटून. आवाज थांबला तर आधी बाळाचं तोंड उघडं राहून हवा निसटतेय का बघायचं, बंदाला हात लावायचा नाही. आणि बुडबुडे कितीही झकास वाजोत, दर पाळीत नळ्या काढून नाक बघायचंच.

मुलगी घशात नळी न घालताच सुटली आणि घरी गेली. नाकाला मात्र खोच राहिली. भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीला पटेना.

मुलीच्या आईने धाकटीला घरी बोलावलं.

"ताई, तू चल. आधी तू आत जा, नाक बघ आणि मला सांग. मग मी येते."

"बरं बाई, येते."

एकदा धाकटीची पाळी बदलली, एकदा थोरलीची दाढ सुजली. तेवढ्यात त्या लोकांनी गाव सोडलं. दोघींचं जायचं राहिलं, ते राहिलंच.