खांदशेकणीचं तूप

"ढोराले काय समजते" हे वाक्य कोणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. मी आदिलाबादला एका ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर वर्षी चेतासंस्थेचा धडा येतो, मी फळ्यावर चेतापेशी काढते, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी कोणाला तरी बैल म्हणतं. वर्ग हसतो. तेलुगू पोरं हसतात, मराठी हसतात, उर्दूवालेही हसतात. एरवी कशावर एकमत होत नाही या लोकांचं, पण बैलाला अक्कल नसते यावर मात्र झालेलं आहे.

त्यांना मी आमच्या घरच्या बैलाची गोष्ट सांगत नाही. सांगायला गेले की माझा आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजात धडा शिकवता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

आमचं गाव बोथच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. थोरला भाऊ शेती करतो, कपाशी आणि ज्वारी. घरी दादा, वहिनी आणि एक बैलजोडी. जोडीतला पांढरा बैल कायम जुवाच्या उजव्या बाजूला चालायचा, म्हणून आम्ही त्याला उजवा म्हणायचो, आणि त्याच्या जोडीदाराला डावा. मानेवर हात ठेवला की तो डोळे अर्धे मिटून घ्यायचा. दादाचा तर त्याच्यावर इतका जीव होता की वहिनी म्हणायची, माह्याशी बोलत नाही एवढं त्याच्याशी बोलते हा मानूस.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांद्याची कातडी सोलवटलेली असते, तिथे गरम तुपात कालवलेली हळद पळसाच्या पानानं चोळतात. चोळून झालं की बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला जेवणाचं रीतसर आमंत्रण द्यायची ही पद्धत मला लहानपणापासून फार आवडते. माणसांना आम्ही एवढ्या प्रेमानं बोलवत नाही.

त्या वर्षी मी पोचले तेव्हा शेकणं नुकतंच झालं होतं. दादा खुशीत होता. उजव्याची शिंगं रंगवलेली, अंग नाल्यावर धुतलेलं, खांदा पिवळाधमक. मी चहा घेत होते तेवढ्यात वहिनी गोठ्यातून आली आणि म्हणाली, "बाई, जरा पाहून घ्या. उजवा कसातरीच करून राह्यला."

मी गेले. त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. डोळ्यांतून पाणी. शेण पातळ होऊन आपोआप गळत होतं. आणि कातडीखाली, खांद्यावर, मांड्यांवर, स्नायू थरथरत होते, एकेक तुकडा वेगळा, जणू कोणी आतून बोटं फिरवतंय. बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. हे चित्र मी वर्गात तोंडी वर्णन करून सांगते. घरच्या बैलाच्या अंगावर ते पाहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तुपाची वाटी तिथेच होती. मी उचलून नाकाशी नेली. हळदीचा वास होता, तुपाचा होता, आणि त्या दोन्हींच्या खालून कपाशीच्या वावरातला, फवारणीच्या दिवसांत घशाला लागतो तो वास येत होता.

"दादा, यात काय टाकलं?"

"काई नाई."

"दादा."

"गोचीड झाले होते त्याले मानेवर. उद्या तो पोळ्याच्या तोरनात उभा राहीन, चांगला दिसला पाह्यजे. डाव्याचं शेकून झाल्यावर ह्याच्या तुपात थोडंसं टाकलं."

"काय टाकलं?"

"कपाशीचंच होय ते. अळीवर मारतो ते. अळी मरते त्यानं, एवढा मोठा बैल कायले मरन?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यावर लाल त्रिकोण असतो, त्यात कवटी असते. कवटी वाचायला कोणती भाषा यावी लागते? आणि माझा भाऊ अडाणी नाही, दहावी झालेला आहे, धडा त्यानेही वाचला आहे. पण एका कामात दोन कामं उरकायची हौस. खांदाही शेकला जाईल, गोचीडही जाईल. तेही कुठे, तर जिथे कातडी सोलवटलेली आहे तिथे. तेही कशात, तर तुपात, म्हणजे आत जिरायला वाट मोकळी. मुद्दाम विचार करून कोणी बैल मारायचा ठरवला असता तरी त्याला याहून सोपी युक्ती सुचली नसती.

"अळीवर मारतो ते" या तीन शब्दांत सगळा घोळ आहे. अळी वेगळी, बैल वेगळा, आपण वेगळे, असं यांना वाटतं. तसं नाही हो. स्नायूला हुकूम येतो तो चेतातंतूतून येतो, पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये बारीक फट असते. हुकूम टोकाशी पोचला की तिथून एक रसायन सुटतं, फट ओलांडतं, आणि स्नायू आखडतो. लगेच तिथलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन तोडून टाकतं. म्हणून पाय उचलला तर परत टेकवता येतो, श्वास घेतला तर सोडता येतो. निरोप पोचण्याइतकंच त्याचं संपणंही गरजेचं असतं. हे औषध त्या विकरालाच जखडून ठेवतं. मग निरोप संपतच नाही. बसमध्ये कंडक्टरची घंटी अडकून एकसारखी वाजत राहिली तर ड्रायव्हरनं थांबायचं की निघायचं? तसं त्या बैलाच्या प्रत्येक स्नायूचं, प्रत्येक ग्रंथीचं झालं होतं. अळीच्या चेतापेशी एकमेकींशी याच रसायनानं बोलतात, बैलाच्या स्नायूला हुकूम याच रसायनानं येतो, फवारणाऱ्या माणसालाही याच रसायनानं. निसर्गानं अळीसाठी वेगळं दुकान उघडलेलं नाही.

हे मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा मी बोथच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, हाताला प्लास्टिकच्या थैल्या बांधल्या, वहिनीच्याही बांधल्या, आणि आम्ही दोघी साबणाच्या पाण्यानं उजव्याचा खांदा धुऊ लागलो. बादलीमागून बादली. पिवळं पाणी गोठ्यातून वाहत गेलं. दादा खांबाला टेकून उभा होता. मी म्हटलं, पाणी आण. त्यानं आणलं.

तोवर शेजारपाजार जमा झाला होता. एक म्हातारी, आमच्या घराला चिकटून जिचं घर आहे ती, म्हणाली की बैल दुपारी नाल्यावर फार देखणा दिसत होता, नजर लागली. आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं घमेल्यात निखारे आणून त्यावर मीठ-मिरच्या टाकल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्या जनावराच्या छातीत पाणी भरतंय, ज्याला एकेक श्वास ओढून घ्यावा लागतोय, त्याच्या नाकाखाली मिरच्यांचा धूर. मी घमेलं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. म्हातारी म्हणाली, "सनाच्या तोंडावर असं करते काय, बाई?" मी तिला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

दिवेलागणीला डॉक्टर मोटरसायकलवरून आला. तेलुगू माणूस, मराठी मोडकंतोडकं. त्यानं बैलाच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि दादाकडे वळून विचारलं, "एम पूसारु? काय लावलं?"

सगळी माणसं उभी होती. दादानं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "तूप-हळद. दुसरं काई नाई."

त्याचा बैल डोळ्यांसमोर मरत होता, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या बैलाला विष लावलं हे चार लोकांत निघू नये म्हणून तो खोटं बोलला. अंगाची लाही लाही झाली माझ्या. मी वाटी डॉक्टरच्या हातात दिली. तेलुगूत सांगितलं, कपाशीचं औषध आहे, तुपात घालून लावलंय. गर्दीतल्या निम्म्या लोकांना तेवढं तेलुगू कळत होतं. डॉक्टरनं वास घेतला आणि बॅग उघडली.

त्यानं दिलेलं इंजेक्शन विषाला मारत नाही. ते फक्त काही ठिकाणी रसायनाला दार उघडू देत नाही, म्हणजे लाळ आटते, छातीतलं पाणी थांबतं, श्वास चालू राहतो. थरथर मात्र आपल्या वेळेनं जाते. डॉक्टर इंजेक्शन द्यायचा, बसून राहायचा, तोंडात बोट घालून ओल पाहायचा, परत द्यायचा. उजवा गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शेवटी लाळ थांबली. डॉक्टर म्हणाला, जगेल.

दुसऱ्या दिवशी गावच्या बैलजोड्या आंब्याच्या तोरणाखाली रांगेत लागल्या, त्यात आमचा डावा एकटाच उभा राहिला. आणि तिथे, सगळ्या गावासमोर, माझ्यासमोर, दादा लोकांना सांगत होता की नजर लागली होती, थोडक्यात वाचला. लोक, आदल्या रात्री माझं तेलुगू कळलेलेही, माना डोलवत होते. म्हातारी तर म्हणाली, मिरच्या उतरवल्या म्हणून वाचला. माझ्या बहिणीच्या नात्याला तेव्हा मी एवढंच जागले, की तोंड मिटून उभी राहिले.

बैल उभा झाला, कामालाही लागला. पण दिवाळीला गेले तेव्हा वहिनी म्हणाली, तो ह्यांना खांद्याला हात लावू देत नाही. जू ठेवायला आता वहिनीच जाते. दादा उजव्या अंगानं आला, हात खांद्याकडे गेला, की बैल कासरा ताणून मागे सरतो, डोळे पांढरे करतो. दादानं त्यावर शोधलेला उपाय काय, तर पराणी, बैलाला टोचायची अणकुचीदार काठी. "माजला साला. बसून खाल्लं ना." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मी त्याला समजावून सांगितलं. बैलाच्या मेंदूत खोल एक बदामाएवढा भाग असतो. वासाचा निरोप तिथे फार जवळच्या वाटेनं पोचतो. एखादा वास आणि जिवावरचं दुखणं एकदा एकत्र आलं, की त्या दोघांच्या पेशींमधली जोडणी घट्ट होते. मग नुसता वास आला तरी सगळं शरीर पळायच्या तयारीला लागतं. तो विचार करून तुझा राग करत नाही, दादा. त्याच्या मेंदूत तुझा हात आणि ते मरण एकाच ठिकाणी बांधलं गेलंय. तू जितकं मारशील तितकी ती गाठ पक्की होईल.

दादा म्हणाला, "तुह्या कॉलेजात शिकव हे. ढोराले एवढं डोकं असतं तर त्यानं जू ओढलं असतं काय?"

मी पराणी मोडून चुलीत घातली. त्यानं दुसरी केली.

पुढच्या पोळ्याला मी मुद्दाम आदल्या दुपारीच पोचले. या वेळी तूप निखळ होतं, वहिनीनं स्वतः कढवलं होतं. दादानं पळसाचं पान घेतलं आणि गोठ्यात शिरला. उजवा दाराकडे तोंड करून उभा होता. गरम तुपा-हळदीचा वास त्याच्यापर्यंत गेला असेल नसेल, तोच त्यानं मान वर टाकली आणि खुंट्याभोवती असा फिरला की दावं गळ्यात रुतलं. मांड्यांवरची कातडी थरथरू लागली. औषधाचा थेंब नव्हता तुपात, तरीही थरथरली. डावा बैल शेजारी शांतपणे रवंथ करत उभा होता.

"हा पाह्य," दादा म्हणाला, "हा पाह्य कसा करते. वर्षभर चारा कोन टाकते त्याले?"

"तूच टाकतो."

"पानी कोन पाजते?"

"तूच."

"मंग काऊन?"

त्याचा हात दारामागच्या पराणीकडे गेला. मी ती आधीच धरून ठेवली होती. आम्ही भाऊ-बहीण, पन्नाशीकडे झुकलेली माणसं, गोठ्याच्या दारात एका काठीची दोन टोकं धरून उभे होतो. मी म्हटलं, "काऊन ते तुला माहीत आहे. सगळ्या गावाला नजर सांगितली तू. त्याला काय सांगशील?"

त्यानं काठी सोडली. वाटी वहिनीकडे दिली. पाण्याच्या नांदीवर जाऊन राखेनं हात घासले, परत परत घासले, आणि गोठ्याच्या बाहेरच उभा राहिला. तेवढ्यात शेजारची म्हातारी कुडापलीकडून डोकावली. "काऊन रे, नजरेच्या बैलाचा खांदा नाई शेकला?"

दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, "नजर नोती, काकी. म्या इख लावलं होतं त्याले. तुपात."

दादानं ओले हात मागे धरले, दारातून थोडा वाकला, आणि जेवढ्या लांबून म्हणता येईल तेवढ्या लांबून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

उजवा भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचे दोन्ही कान दादाकडे वळले होते. तो पुढे आला नाही.